अकेडिया एका दिवसात, तेही ई-बाइकवर: हरकत काय आहे?

समिधा_बॉस्टन
फॉल कलर्स (शरद ऋतूत रंग बदलणारी पानं) बघायला बॉस्टनकडची आपली मंडळी अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जातात. पाच तास गाडी हाकायची आणि वर जॉर्डन पाँडपाशी पार्किंगसाठी घिरट्या घालायच्या! हातात एकच दिवस असेल तर माझा सरळ सल्ला: गाडी बार हार्बर गावात सोडा, ई-बाइक भाड्याने घ्या आणि कॅरेज रोड्स धरा. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९१३ ते १९४० या काळात खास घोडागाड्यांसाठी बांधलेले हे रस्ते. पार्कच्या हद्दीत साधारण ४५ मैल, आणि मोटारींना मज्जाव. ईगल लेक, बबल पाँड, जॉर्डन पाँड, मग तिथल्या हिरवळीवर बसून गरमागरम पॉपओव्हर (आतून पोकळ, फुगलेला पाव) आणि स्ट्रॉबेरी जॅम, की संध्याकाळी परत. सासूबाई सत्तरीला टेकल्यात, गुडघे कुरकुरतात. ईगल लेकच्या पश्चिमेचा चढ त्या गप्पा मारत चढल्या. साध्या सायकलवर हे झालंच नसतं. तरी दर वेळी कुणीतरी "ही काय पार्क बघायची रीत?" म्हणून नाक मुरडतं. का बुवा?

पायवाटवेडा
मीच तो नाक मुरडणारा, बोला! रॉकफेलर घराण्याचा पैसा तेलाचा. त्या घरातल्या माणसाने स्वतःच्या खर्चाने असे रस्ते बांधले की जिथे मोटार येणार नाही. दगडी पूल, हलका चढउतार, कडेला ओबडधोबड शिळांची रांग (तिथले लोक तिला 'रॉकफेलरचे दात' म्हणतात). एवढ्या खटाटोपामागे मोटारींपासून सुटका हाच हेतू होता. आता बॅटरीवर चालते म्हणून ती मोटर नाही? माथेरानला ई-रिक्षा आल्या तेव्हा "संपलं माथेरान" म्हणून गळे काढणारे आपणच होतो ना?

नेरळवाला
माथेरानला मधे आणू नका. तिथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढत होता. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाला परवानगी दिली ती त्यापायी. घोडेवाल्यांचा विरोध होता तो पोटासाठी. शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं रोज दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, चालत होती. तुमच्या अकेडियात कोणाचं काय अडलंय? सुट्टीच तर आहे.

समिधा_बॉस्टन
@पायवाटवेडा, नियम तरी बघा. कॅरेज रोडवर फक्त क्लास १ चालते, म्हणजे पॅडल मारलं तरच मोटर हात देते आणि ताशी २० मैलांना मदत थांबते. नुसत्या थ्रॉटलवर पळणाऱ्या आणि २८ मैलांवाल्या, दोन्हींना बंदी. तिथली वेगमर्यादाही २०च आहे, ती साध्या सायकलींनाही लागू. उतारावर सगळ्यात सुसाट कोण जातं? रंगीत जर्सीतले आपले 'शुद्ध' सायकलवीर!
@नेरळवाला, सुट्टीच आहे हो, पण सासूबाईंचं वय सुट्टीवर जात नाही.

घोडदौड
वेगापेक्षा मला आवाजाची काळजी आहे. मी घोड्यांवर वाढलेय. वाइल्डवुड स्टेबल्सच्या घोडागाड्या अजून याच रस्त्यांवर चालतात. घोड्याला मागून येणारं काहीतरी आधी ऐकू यायला हवं. साधी सायकल चढावर हळू असते, माणूस धापा टाकत असतो, घोड्याचे कान आधीच मागे वळतात. ई-बाइक चढावरही ताशी पंधरा मैलांनी येते आणि ती भाड्याने घेणाऱ्याला घंटी कुठे आहे हेच ठाऊक नसतं. मागून आलात तर वेग कमी करा, तोंडाने आवाज द्या, गाडीवान हात करेल तेव्हाच पुढे जा. घोड्याला वाट देणं हा तिथला नियम आहे, आणि तो सायकलवाल्यांनाच माहीत नसतो.

पायवाटवेडा
+१. आणि माझा खरा आक्षेप 'एका दिवसात' यावर आहे. ई-बाइक आली की माणूस अंतर मोजायला लागतो. "तीस मैल केले!" अहो, बघितलं काय? पार्क ज्या बेटावर आहे त्याच्या पूर्वेकडे ज्या पिवळ्याधमक बर्च-अ‍ॅस्पेनचे फोटो सगळे टाकतात, ते रान १९४७ च्या वणव्यानंतर उगवलेलं आहे. पार्कातली दहा हजार एकरांहून जास्त जमीन तेव्हा जळाली. आगीतून वाचलेल्या बाजूला अजून स्प्रूस-फर या सूचिपर्णी झाडांचं काळसर जंगल आहे. पिवळं कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं, हे पायी चालताना दिसतं.

समिधा_बॉस्टन
सायकलवरूनही दिसतं की! उलट पायी एका दिवसात तुम्ही एकाच रंगात अडकाल. दोन्ही जंगलं एका दिवसात हवीत तर चाकं लागतातच, मग ती गाडीची का असावीत? गाडीवाला कॅडिलॅक डोंगराच्या माथ्यावर रिझर्व्हेशन काढून जातो, १,५३० फुटांवर सेल्फी काढतो आणि खाली येतो. त्याला कोणी 'पार्क बघितलंच नाहीस' म्हणत नाही. ही माझी खरी खंत.

पायवाटवेडा
त्याला तर मी रोज म्हणतो. 😀 सासूबाईंना माझी सूट. पण तिशीतली धडधाकट पोरं मोटरची मदत 'टर्बो'वर, म्हणजे सगळ्यात जास्तवर, टाकून जातात, त्यांना नाही.

समिधा_बॉस्टन
कोणाचे गुडघे किती दुखतात हे गेटवर तपासणार का तुम्ही? सूट द्यायची तर सगळ्यांना द्या.

नवखा_पुणेकर
भांडा तुम्ही. मला पुढच्या महिन्यात जायचंय. गावातून कसं शिरायचं?

घोडदौड
२३३ नंबरच्या रस्त्याने नको, गाड्या फार. डक ब्रुकच्या पुलाकडून शिरा. चौकाचौकात नंबरांच्या पाट्या आहेत, नकाशा खिशात ठेवा, फोनला रेंज मिळेलच असं नाही. सील हार्बरकडे काही कॅरेज रोड्स पार्कबाहेरच्या खासगी जमिनीवर आहेत, तिथे सायकल अजिबात चालत नाही, पाटी दिसली की वळा. दुकानात क्लास १ चं लेबल स्वतः बघून घ्या.

पायवाटवेडा
आणि जॉर्डन पाँडला पोचलास की सायकल स्टँडला लाव आणि तळ्याला पायी फेरी मार. सव्वातीन मैल आहे, सायकलला तिथे बंदी. पॉपओव्हर नंतर.