शब्दचर्चा : निकोबारची होडी, उलांडी आणि तुहेत

दर्यावर्दी : कार निकोबारवरच्या एका लेखाचं मराठीकरण चाललंय. मूळ मजकुरात 'होडी' हाच शब्द आहे, पण अर्थ 'आउटरिगर कनू' असा. मराठीत नुसतं होडी लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कुठलीही छोटी नाव येईल. दुसरा शब्द 'तुहेत'. त्याला 'भावकी' चालेल का?

खाजणवाट : 'आउटरिगर'ला कोकणात शब्द आहेच, उलांडी. होडीच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, पाण्याला टेकून राहणारं जाड लाकूड. तेव्हा 'उलांडीची होडी' लिहा, रत्नागिरी-मालवणच्या वाचकाला तळटीप लागणार नाही. 'तोलदांडा', 'समतोलक' वगैरे नवे शब्द पाडू नका.

फक्त उलांडी म्हणजे ते तरंगणारं लाकूड. होडीपासून तिच्यापर्यंत जाणाऱ्या आडव्या काठ्या वेगळ्या. निकोबारी होडीत या काठ्या उलांडीला थेट टेकत नाहीत. उलांडीत तिरप्या खुंट्या ठोकतात आणि काठ्या त्या खुंट्यांना बांधतात. भाषांतरात हे तिन्ही भाग 'उलांडी'त कोंबले की पुढचं बांधणीचं वर्णन कळेनासं होतं.

शब्दवेल : व्युत्पत्तीपुरतं : टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात संस्कृत 'होड' द्राविडी शब्दावरून आल्याचं दिलंय. कन्नड ओड, तमिळ ओडम् ही त्याच घरची. गुजरातीतही होडीच. निकोबारी भाषा मात्र ऑस्ट्रोएशियाटिक, म्हणजे खासी-मुंडारीच्या कुळातली. त्यामुळे 'होडी हा मूळ निकोबारी शब्द' असं लेखात जाऊ देऊ नका.

खाजणवाट : मापांकडेही लक्ष द्या, तिथे हमखास घोळ होतो. या होडीच्या भौगोलिक मानांकनाच्या अर्जात प्रमाण दिलंय : तयार होडीची लांबी रुंदीच्या 12 पट, आणि न तासलेलं खोड त्याच रुंदीच्या 15 पट. म्हणजे 60 सेंमी रुंदीची होडी 7.2 मीटर भरणार आणि खोड 9 मीटरचं लागणार. 12 आणि 15 हे दोन्ही आकडे 'होडीची लांबी' म्हणून छापले तर वाचणाऱ्याला दोन वेगवेगळ्या होड्या वाटतात. घडण बेटागणिक थोडी बदलते, हेही एका वाक्यात यावं.

'एकाच बाजूला उलांडी' हे शब्द गाळू नका, कारण होडी हाकायची रीत त्यावरच ठरते. वारा उलांडीच्या बाजूने आला की ती पाण्यातून उचलली जाते, मग कुणीतरी त्या बाजूला सरकून भार द्यायचा. वारा उलट बाजूने आला तर उलांडी दाबली जाऊन बुडू पाहते. बांधणी सैल झाली असेल तर दोन्ही वेळा धोका. उलांडी आहे म्हणजे होडी उलटतच नाही, हा गैरसमज आहे.

दर्यावर्दी : उत्तम. आणि तुहेत?

माजघर : भावकी नको. मराठीत भावकी म्हटलं की बापाकडचे नातलग, आणि बहुतेकदा बांधावरचं भांडण. तुहेत म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखाली नांदणारा कुटुंबांचा गट. नारळाच्या बागा, डुकरं आणि होडीसुद्धा तुहेतची. लग्नानंतर नवरा बायकोच्या तुहेतमध्ये राहायला जाऊ शकतो, हे तर भावकीत बसतच नाही. 'एकत्र कुटुंब' जवळचं, पण तेही तोकडं पडतं. पहिल्यांदा 'तुहेत (सामाईक मालमत्तेचा कुटुंबगट)' लिहा, पुढे नुसतं तुहेत.

हा शब्दच्छल नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर मदत आणि घरं वाटताना नवरा-बायको-मुलं हेच एकक धरलं गेलं, आणि त्याने तुहेतची घडी विस्कटली. लेखात तिथे 'प्रत्येक कुटुंबाला मदत मिळाली' असं गुळगुळीत वाक्य आलं तर नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

शब्दवेल : शीर्षकात 'अंदमानचे आदिवासी' असेल तर तेही बदला. आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल, आणि निकोबार त्याच्या शेपटाला! मध्ये दहा अंश खाडी आहे. जारवा, ओंगी, सेंटिनेली, ग्रेट अंदमानी हे अंदमानचे; निकोबारी आणि शोंपेन निकोबारचे. निकोबारी अनुसूचित जमातीत येतात, पण 'विशेष असुरक्षित' गटात नाहीत. त्या यादीत वरचे बाकी पाच आहेत.

दर्यावर्दी : शीर्षक तेच होतं, बदलतो. 'चौराची भांडी' असाही उल्लेख आहे.

माजघर : चौरा हे बेट, त्याचा 'चौरंगा'शी संबंध जोडू नका. तिथल्या बायका चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून मडकी घडवत. माती तेरेसा बेटावरून होडीने यायची. भाजलेलं मडकं गरम असतानाच त्यावर कोवळ्या नारळाच्या ओल्या सोडणाच्या पट्ट्या लावत, त्याचे तांबूस डाग उठत. 'रंगवलेली भांडी' लिहू नका, रंग वापरलेलाच नाही. 'सोडणाचे पट्टे उठवलेली' चालेल.