हर्डल पाडलं तरी धावपटू बाद कशी होत नाही?

सदाशिवपेठी_आई
लेक आठवीत आहे, संध्याकाळी सणस मैदानावर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) करते. दहातली तीन-चार तरी पाडते आणि उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला निळंकाळं करून घरी येते. तिचे बाबा म्हणतात, पाडलं की बाद, मग कशाला करायचं? पण टीव्हीवर तर बायका धडाधड पाडत जातात आणि पदकंही घेतात! नियम काय आहे?

कट्टेकरी
बाबांनी नियम वाचून मग बोलावं. पुण्यात तशी पद्धत नाही, ते सोडा.

लेन_चार
ताई, ओलांडताना पाय लागून पडलं तर सहसा बाद नाही. हाताने किंवा अंगाने ढकलून पाडलं किंवा मागचा पाय हर्डलच्या बाहेरून, वरच्या पट्टीच्या खालून नेला, तर बाद.
पण शिक्षा घड्याळ करतंच. मोठ्या बायकांच्या १०० मीटर शर्यतीत हर्डल्स ८३.८ सेंमी उंच. पहिलं १३ मीटरवर, पुढची साडेआठ-साडेआठ मीटरवर, मध्ये तीनच पावलं. पाय आपटला की पाऊल आखूड पडतं, मग पुढच्या हर्डलपर्यंत पोचताना ओढाताण. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची लोलो जोन्स सगळ्यांच्या पुढे होती. नववं हर्डल लागलं आणि बाई थेट सातवी! सुवर्ण डॉन हार्परला, १२.५४ सेकंदांत.
घोट्याचं म्हणाल, तर ती डावा पाय पुढे टाकत असणार. मागून येणारा उजवा पाय नीट आडवा होत नाही, पंजा खाली लोंबतो, म्हणून घोटा पट्टीवर बसतो. हर्डलच्या फार जवळ जाऊन उडी मारते का, तेही बघा. सरावात हर्डल चालत चालत, बाजूने, फक्त मागचा पाय काढत ओलांडायला लावा. कंटाळवाणं आहे, पण उपाय तोच.

वारा_मोजणारा
घड्याळावरून आठवलं, वारासुद्धा शिक्षा करतो. एप्रिल २०२२ मध्ये कोझिकोडला आपल्या ज्योती याराजीने याच शर्यतीत १३.०९ सेकंद काढले, पण पाठीमागून ढकलणारा वारा सेकंदाला २.१ मीटर. मर्यादा २.०! राष्ट्रीय विक्रम धरला नाही. पुढच्याच महिन्यात सायप्रसमध्ये १३.२३ ला तिने अनुराधा बिस्वालचा २००२ चा १३.३८ मोडला. २०२३ मध्ये तिने तो १२.७८ वर नेला. नायजेरियाच्या टोबी अमुसानचंही तसंच. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेतल्या यूजीनला, सेमीफायनलला १२.१२, जागतिक विक्रम. फायनलला १२.०६, पण वारा २.५, त्यामुळे सुवर्ण मिळालं, विक्रम नाही.

सदाशिवपेठी_आई
लेन_चार, हो, डावाच पाय पुढे असतो! आज तिच्या सरांना विचारते. पण घरी आल्यावर घोट्याला काय लावू?

लेन_चार
बर्फ, फडक्यात गुंडाळून. सूज उतरेपर्यंत हर्डल बंद, सपाट धावू दे. टेकवताना दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.