सिडनी–होबार्ट शर्यत: नवख्या चमूने कशाचा सराव करावा?

सिडनीतला मालवणी:
आमच्या ३८ फुटी नौकेच्या मालकांनी यंदा २६ डिसेंबरला सुटणाऱ्या सिडनी–होबार्ट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत उतरायचे ठरवले असून आठ खलाशांत माझीही निवड झाली आहे. टास्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंतचे अंतर ६२८ सागरी मैलांचे आहे आणि आमच्यापैकी पाच जणांनी भर समुद्रात एकही रात्र काढलेली नाही. मालकांचे सारे लक्ष नव्या शिडांकडे आहे. उरलेल्या चार महिन्यांत आम्ही नेमका कशाचा सराव करावा?

कुलाब्याचा सुकाणूवाला:
मी ही शर्यत दोनदा केली आहे. शिडे हवीतच, पण आधी अंधारात शीड आखडायला शिका. तिथला सागरी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि दक्षिणेचा वारा अचानक उलटा आला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. पुढे ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांमधली बासची सामुद्रधुनी उथळ असल्याने त्या आणखी आखूड आणि तीव्र होतात. १९९८ च्या वादळात ११५ पैकी केवळ ४४ नौका होबार्टला पोहोचल्या आणि सहा खलाशी दगावले. त्यानंतर नियम कडक झाले. आता ही सामुद्रधुनी लागण्याआधीच्या ग्रीन केप या भूशिरापाशी रेडिओवरून नौका व खलाशी पुढे जाण्यास सज्ज असल्याचे कळवावे लागते, आणि त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे तुम्ही बंदरातच ठरवून ठेवा.

जुनी दर्यावर्दी:
वरील मताशी सहमत आहे. एक भर घालते: २०२४ मध्ये पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या नौकांवर बूम (मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा) आणि तिचा दोर यांच्या तडाख्याने दोन खलाशांचा मृत्यू झाला. म्हणून वारा मागून असताना बूम कशी बांधायची आणि ती फिरताना कोणी कुठे बसायचे, हे इतके घोटा की झोपेतून उठलेला माणूसही चुकणार नाही. खालच्या खोलीतून वर येताना, पाय डेकवर पडण्यापूर्वीच, अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा दोर नौकेला अडकवायची सवय लावा. पाळ्या चार-चार तासांच्या ठेवून एक पूर्ण रात्र बाहेर काढा. आमच्याकडे तर पहिल्याच रात्री स्वयंपाकाची जबाबदारी असलेला गडी बोट लागून आडवा झाला होता, आणि बाकीच्यांनी कोरडी बिस्किटे खाऊन दिवस काढले!

सिडनीतला मालवणी:
आभारी आहे. मालकांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. येत्या शुक्रवारी सूर्यास्तानंतर निघून शनिवारी दुपारी परतायचे ठरले आहे. बोट लागू नये म्हणून आणलेली गोळी त्याच रात्री घेऊन पाहावी का?

जुनी दर्यावर्दी:
अवश्य, पण निघण्यापूर्वी. काही गोळ्यांनी गुंगी येते, ती सुकाणूवर असताना कळू नये.