किडनीचा त्रास असताना गुडघेदुखीला कुठली गोळी चालते?

रेवा_के: बाबा 68 चे, शुगर बीपी दोन्ही. परवा क्रिएटिनिन 2.2 आलं, रिपोर्टवर इजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) 32. चालू गोळ्या बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन 500 दोनदा. गुडघे जाम धरलेत म्हणून मेडिकलमधून चार गोळ्या आणल्यात, पट्टी कापून दिली त्यामुळे नाव अर्धंच दिसतंय, 'फेनॅक' आणि 'पॅरासिटा' एवढंच. किडनीवाल्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात, तोवर जेवणानंतर दिली तर चालेल ना?

गोळीवाला: मी फार्मासिस्ट आहे. नका देऊ. फेनॅक म्हणजे डायक्लोफेनॅक नाहीतर ॲसिक्लोफेनॅक, दोन्ही पेनकिलर, किडनीला सारखेच. जेवणानंतर घेतली तर पोटाला जरा बरं, किडनीला त्याचा काही फायदा नाही. बाबांचं तर त्रिकूट होतंय बघा, पेनकिलरने किडनीत रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैल पडते, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आधीच कमी, मग रक्त गाळायला प्रेशर उरणार कुठून? साधी पॅरासिटामॉल चालते, दिवसाला किती ते क्लिनिकला फोन करून विचारा. आणि हे वाचून घाबरून टेल्मिसार्टन बंद करू नका, ती बऱ्याचदा किडनी जपायलाच देतात.

सांगलीकर७७: आमच्याकडे एकाला सांधेदुखीचं चूर्ण लागू पडलंय, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.

गोळीवाला: दादा, लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड नाहीतर पेनकिलर कुटून घातलेलं सापडलंय, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो. भस्मांत शिसं-पारा निघतो तो वेगळाच.

मनू_आई: पेनकिलर नको म्हणून माझ्या सासूबाईंना दुसऱ्या डॉक्टरांनी प्रिगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) दिली, त्यांना सासूबाईंच्या किडनीचं कोणी सांगितलंच नव्हतं, दिवसभर झोपून आणि उठल्या की झोक जायचा. डोस कमी केल्यावर ठीक झाल्या. अजून एक, बीपीसाठी लो सोडियम मीठ आणलं असेल तर बघ, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असला की ते रक्तात साचतं.

रेवा_के: अगंबाई, मीठ तेच आहे घरात! आज बदलते. क्लिनिकला फोन केला, पॅरासिटामॉलच सांगितली. मेटफॉर्मिनचं काय पण?

गोळीवाला: इजीएफआर 30 ते 45 मध्ये असेल तर दिवसाला 1000 एमजीपर्यंत देतात, म्हणजे सध्या बसतंय, 30 च्या खाली गेलं की बंद. तारखेला जाल तेव्हा एक विचारून घ्या, जुलाब-उलट्या झाल्या तर यातल्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या, आणि ते फाइलवरच लिहून घ्या, रात्री फोन कोण उचलतंय.