ऑनलाइन व्याख्यानात कॅप्शन म्हणजे लाड?

रामबागवाली: "दोन-चार जणांसाठी कॅप्शन (बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणं), चित्रांचं वर्णन, हे लाड कशाला?" आपल्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानांवरची ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझे काका अंध आहेत, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतात. वक्ते स्क्रीन शेअर करून "हे बघा, इथे दिसतंय" म्हणतात आणि पुढे जातात. शेअर केलेली स्लाइड स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. वर सगळे चॅटमध्ये "नमस्कार" टाकत बसतात, तो प्रत्येक नमस्कार काकांच्या कानात वक्त्याच्या आवाजावर वाजतो. स्लाइड आदल्या दिवशी पाठवा, दाखवाल ते तोंडाने सांगा. याला किती पैसे लागतात?

सुदामानगरकर: पोस्ट माझीच. मंडळात राबणारे मोजके, तेही नोकऱ्या सांभाळून. आणि कॅप्शन लावले होते आम्ही! भाषा हिंदीवर राहिली, व्याख्यान मराठीत. जे उमटलं ते वाचवत नव्हतं. त्यापेक्षा नसलेले बरे.

तुकोगंजकर: मराठीवर ठेवून तरी काय होणार? वक्ते दर वाक्याला "मतलब", "लेकिन". व्याख्यानमाला मराठी म्हणायची आणि बोलायचं असं?

सुदामानगरकर: इंदूरची मराठी अशीच आहे. होळकरांच्या काळापासून इथे आहोत, पुण्याचे धडे नकोत.

तुकोगंजकर: माझा जन्म इथल्याच, इंदूरच्या लोकमान्यनगरातला! घरी शुद्ध बोलतो, म्हणून मी परका?

सुदामानगरकर: "शुद्ध" म्हणालात, तिथेच कळलं.

मालवावासी: भांडण आवरा. मला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुसऱ्याला यंत्र आहे. मी ओठ बघून समजून घेते. वक्ते खिडकीकडे पाठ करून बसले की चेहरा काळाकुट्ट दिसतो. एका मंडळाने मलाच बोलायला बोलावलं. प्रश्न लिहून द्या म्हणून आधी कळवलं होतं, तरी तोंडीच विचारले, तेही दोघांनी एकदम. मी सगळ्यांसमोर गप्प बसले. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत सुप्रीम कोर्टात ऑनलाइन बाजू मांडली. तिथे जमतं, मग इथे का नाही?

सुदामानगरकर: कोर्टाकडे पैसा आहे. लांब कार्यक्रमाला दुभाषी दोन लागतात, आलटून-पालटून. कुठून आणू?

रामबागवाली: दुभाषी मागितला कुणी? त्या प्रश्न लिहून मागताहेत. आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा याला हक्क म्हणतो, लाड नाही.

सुदामानगरकर: बरं. स्लाइड आदल्या दिवशी मागवतो, खिडकीचंही वक्त्यांना सांगतो. कॅप्शनचा शब्द देत नाही.

तुकोगंजकर: आणि हिंदीचं काय?

मालवावासी: आधी प्रश्नांचं सांगा. लिहून देणार की नाही?