मदत हवी आहे: १७ वर्षांच्या बीजीएमआय (मोबाइल गेम) खेळाडूचा करार

संघाने दोन वर्षांचा करार पाठवलाय. मुलगा १८ पूर्ण नाही, त्यामुळे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याची स्वतःची सही निरर्थक. वडील सही करणार आहेत. १८ झाल्यावर नवाच करार करावा लागतो, जुन्याला नुसती संमती चालत नाही, बरोबर ना?

खरी काळजी पैशांच्या कलमांची. बक्षिसाचा वाटा टक्क्यांत दिलाय, पण टीडीएस कापण्याआधीचा की नंतरचा, ते लिहिलेलं नाही. बायआउटची (मुदतीआधी संघ सोडण्यासाठी संघाला द्यायची) रक्कम तर कोरीच! ती ठरलेली नसेल तर संघ पुढे वाटेल तो आकडा मागेल आणि राखीव बसवलेला मुलगा अडकून पडेल.

बायआउट मासिक मानधनाच्या किती पट धरावा? सलग दोन महिने खेळवलं नाही तर मोफत मुक्तता, असं कलम कुणी घालून घेतलंय का? शब्दरचना द्या, प्लीज.