मदत हवी आहे: नकाशावर ध्रुवीय प्रदेशाची हद्द कोणत्या रेषेने दाखवावी?

नकाशेवाला:
उत्तर आणि दक्षिण ध्रुवीय प्रदेशांचे भिंतीवर लावायचे दोन नकाशे क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायची संगणक प्रणाली) करतो आहे. उत्तरेला ६६.३४ अक्षांशावर −१८०, −६०, ६०, १८० या रेखावृत्तांवरच्या चार बिंदूंची रेषा आखली. अडचणी अशा:
१. ग्रीनलंडची राजधानी नूक (सुमारे ६४° उ.) हद्दीबाहेर पडते, आणि सायबेरियातलं वेर्खोयान्स्क आत येतं, जिथे २० जून २०२० ला ३८° से. नोंदलं गेलं!
२. ध्रुवीय प्रक्षेपण (ध्रुव मध्यभागी ठेवून गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) लावलं की वर्तुळाचा त्रिकोण होतो.
३. हीच रेषा दक्षिणेला टाकली तर अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं टोक कापलं जातं.
सर्वमान्य हद्द नक्की कोणती?

उत्तरायण:
सर्वमान्य अशी एकच हद्द नाहीच. पण आधी एक चूक दुरुस्त करा. आर्क्टिक वृत्त ६६°३४′ वर आहे, आणि ६६°३४′ म्हणजे ६६.३४ नव्हे. ३४ ला ६० ने भागायचं, म्हणजे ६६.५६७. तुमची रेषा तब्बल २५ किमी दक्षिणेला पडली आहे.

आर्क्टिक वृत्त हा निव्वळ सूर्याचा हिशेब आहे: ९०° वजा पृथ्वीच्या आसाचा कल, २३°२६′. हा कल सध्या घटतोय, म्हणून वृत्त दरवर्षी साधारण १४-१५ मीटर ध्रुवाकडे सरकतं. मध्यरात्रीचा सूर्यही नेमका वृत्तापाशी थांबत नाही. अपवर्तन (हवेत प्रकाश वाकणं) अधिक सूर्यबिंबाची वरची कड धरून तो आणखी सुमारे ९० किमी दक्षिणेपर्यंत दिसतो. थंडीशी या रेषेचा थेट संबंध नाही, त्यामुळे नूकचा घोळ होणारच.

त्रिकोणाचं कारण साधं आहे: प्रक्षेपण बदलताना फक्त बिंदू हलतात, मधली रेष सरळच राहते. आधी 'डेन्सिफाय बाय इंटरव्हल' (रेषेवर मधले बिंदू वाढवणारं साधन) चालवा, अंतर १ अंश. मग थर ईपीएसजी ३४१३ मध्ये (उत्तर ध्रुवीय प्रक्षेपणाचा सांकेतिक क्रमांक) 'रीप्रोजेक्ट' करा आणि शेवटी 'लाइन्स टू पॉलिगॉन्स'. क्रम उलटा केलात तर वर्तुळ नीट बनत नाही.

समतापरेषा:
भिंतीवरच्या नकाशाला जुलैची १०° से. समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणारी रेषा) घ्या. कोपेनच्या हवामान वर्गीकरणात सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १०° च्या खाली असेल तर हवामान ध्रुवीय. त्यातही ० ते १० म्हणजे टुंड्रा, ० च्या खाली कायम हिम. ही रेषा ढोबळपणे वृक्षरेषेला (जिच्यापलीकडे झाडं वाढत नाहीत) धरून जाते. नूकची जुलै सरासरी ७ च्या आसपास, म्हणून आत. वेर्खोयान्स्कची १६ च्या आसपास, शिवाय भोवती लार्च या झाडांचं जंगल, म्हणून बाहेर. उष्ण सागरी प्रवाहामुळे नॉर्वेतलं ट्रोम्सोही बाहेर जातं, जरी ते वृत्ताच्या बरंच उत्तरेला आहे.

नॉर्डेनशॉल्डचं सूत्र हिवाळाही धरतं: सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीची मर्यादा = ९ − ०.१ × सर्वांत थंड महिन्याची सरासरी. वेर्खोयान्स्कला जानेवारी −४५ धरला तर मर्यादा १३.५ येते, आणि १६ तरीही तिच्या वर. निकाल तोच.

रेषा काढताना तीन ठिकाणी फसगत होते. ईआरए५ (जागतिक हवामानाचा विदासंच) चं तापमान केल्विनमध्ये असतं, 'रास्टर कॅल्क्युलेटर'ने २७३.१५ वजा करून मगच 'कंटूर' (समान मूल्यांच्या रेषा काढणारं साधन) चालवा. त्याची रेखावृत्तं ० ते ३६० अशी असतात, ती −१८० ते १८० करून घ्या. आणि आल्प्स, तिबेटचे उंच भागही १० च्या आत येतात, ते तुकडे हाताने काढा. नाहीतर हिमालय आर्क्टिकमध्ये जाईल! कोणत्या वर्षांची सरासरी घेतली ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहाच. १९६१-९० आणि १९९१-२०२० च्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत.

खारावारा:
दक्षिणेला उत्तरेचा आरसा लावू नका. अंटार्क्टिक करार (१९५९) ६०° द. च्या दक्षिणेचा भाग धरतो, हिमफळ्यांसकट (किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणारे बर्फाचे थर). द्वीपकल्पाचं टोक ६३° च्या आसपास, म्हणजे त्यात बसतं. राजकीय नकाशाला हीच रेषा घ्या. सागरी जीवन दाखवायचं असेल तर अंटार्क्टिक अभिसरण: इथे थंड पाणी उबदार पाण्याखाली जातं आणि पृष्ठभागाचं तापमान थोड्याच अंतरात २-३ अंशांनी बदलतं. रेषा वेडीवाकडी आणि हलती असल्यामुळे सागरी सजीव संपदेच्या १९८० च्या कराराने ती पायऱ्यांत बसवली: ५०° प. ते ३०° पू. ५०° द.; पुढे ८०° पू. पर्यंत ४५°, १५०° पू. पर्यंत ५५°, उरलेल्या भागात ६०°. दक्षिण जॉर्जिया बेट या हद्दीत येतं, ६०° च्या करारात येत नाही. आपली मैत्री (७०°४६′) आणि भारती (६९°२४′) केंद्रं कशीही रेषा काढा, आतच राहतात.

नकाशेवाला:
त्रिकोण गेला, नूक आत आलं. आता क्षेत्रफळ ३४१३ मध्येच मोजलं तर चालेल?

उत्तरायण:
नको. ३४१३ मध्ये प्रमाण फक्त ७०° वर खरं असतं. ६०° पाशी क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के जास्त, ध्रुवापाशी ६ टक्के कमी येतं. क्षेत्रफळ खरं ठेवणारी प्रक्षेपणं घ्या: उत्तरेला ६९३१, दक्षिणेला ६९३२ वापरा. पडताळा म्हणून आर्क्टिक वृत्तातलं क्षेत्रफळ मोजा. ते २ कोटी १२ लाख चौ. किमीच्या आसपास यायला हवं.